अल्पवयी कामगार आणि कामाचे तास

माझ्या वर्गातील एक मुलगा पहिल्याच तासाला बाकावर डोके टेकून झोपी जात असे. चौकशी करता कळले की, शाळा सुटल्यावर ५ पासून रात्री १० पर्यंत तो एका हॉटेलात कपबशा विसळतो. वय १५. मालकांना भेटलो, तर ते म्हणाले, "मास्तर, १४ पुरी झाली ना? मग कायद्याची हरकत कुठे आली?" हा समज आपल्यात फार पसरला आहे. वाचकांपैकी कित्येकांची दुकाने आहेत, म्हणून हा विषय येथे मांडतो.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने ७ वर्षांखालील मुलांना बंदी केली. ७ ते १२ वर्षांच्या मुलांकडून मात्र दिवसाला ९ तास काम घेता येई! मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुटी व दुपारची विश्रांती मागितली. १८९१ साली मुलांचे किमान वय ९ व तास ७ झाले. १९४८ च्या कायद्याने वय १४ आणि तास साडेचार ठरविले. नवाचे साडेचार होण्यास ६७ वर्षे लागली.

१९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली दुरुस्त झाला. १४ ते १८ वर्षांच्या मुलांना खाणी, स्फोटके वगैरे धोक्याची कामे वर्ज्य आहेत. दुकान-हॉटेलात ठेवले तरी सलग ३ तासांपेक्षा अधिक काम नाही. मग १ तास विश्रांती. ती धरून एकूण ६ तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, जादा काम नाही, आठवड्याला एक सुटी. मुलाची जन्मतारीख व कामाचे तास यांची नोंदवही मालकाने ठेवावयाची असते.

निपाणीकडील विड्यांचा प्रश्न याहून बिकट. १९८६ च्या मूळ कायद्यात विडी वळणे मुलांना निषिद्ध होते. परंतु घरच्या माणसांच्या मदतीने चालणारे काम वगळलेले होते. आईशेजारी बसून पाने कापणाऱ्या मुलीचे तास मोजणार कोण?

त्या हॉटेलमालकांना मी नियम वाचून दाखविला. ते भले गृहस्थ. मुलाला ७ वाजता सोडू लागले. तो आता वर्गात जागा असतो. मजुरी मात्र निम्म्याहून कमी झाली, आणि ती तूट कशी भरावी हे त्याच्या आईने मला शाळेच्या फाटकाशी गाठून विचारले.