जुन्या मिलिंगला सीएनसी जोडताना

प्रश्न : इंदापूर तालुक्यात घराशेजारी माझी शेड आहे. जुनं एचएमटी मिलिंग मशीन घेतलंय. बारामती एमआयडीसीची जॉबवर्कची कामं मिळावीत म्हणून ते सीएनसी करायचंय. मोटारी कोणत्या घेऊ?

उत्तर : मोटारींचं नंतर. आधी टेबलाला डायल इंडिकेटर लावा. दिशा बदलताना सुई हलण्याआधी हँडल जेवढं रिकामं फिरतं, तो बॅकलॅश. सॉफ्टवेअरमध्ये त्याची भरपाई करता येते, असं विक्रेते सांगतील. पण कटरच टेबल ओढू लागला की ती भरपाई कुचकामी. गोल पॉकेट अंडाकृती येतं. म्हणून पैसे बॉलस्क्रूवर घाला. स्लाइड मध्यभागी झिजली असेल, तर स्क्रेपिंग करून घ्या. नुसती गिब आवळली तर टेबल टोकाला अडकेल.

आणखी एक. बॉलस्क्रू स्वतःहून अडून राहत नाही. वीज गेली की टेबल वर-खाली करणारा जड नी खाली घसरतो, आणि वीज आपल्याकडे जातेच! त्या अक्षाला ब्रेकची सर्व्हो हवीच. बाकी दोन्हींना, मशीन लहान असेल तर, क्लोज्ड लूप स्टेपर चालतील. ५ मिमी लीडचा स्क्रू आणि फेऱ्याला २००० पल्स, म्हणजे पल्समागे अडीच मायक्रॉन. मात्र ही अचूकता नव्हे, फक्त पावलाचं माप.

शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन चालवू नका, औद्योगिक जोडणी घ्या.

टूल चेंजर नसल्यानं मोठ्या लॉटमध्ये तुम्ही टिकणार नाही. साखर कारखान्यांची, अवजारांची एक-दोन नगांची दुरुस्तीची कामं धरणार असाल, तर खर्च जरूर करा.