श्वेत मुसळीची परसबागेतील लागवड

बाजारातील सोललेली मुसळी पाहून ती कोणत्या वनस्पतीची, हे ठरविणे कठीण असते. शतावरीच्या एका जातीची मुळेही याच नावाने विकली जातात. खरी ओळख पटवावयाची तर वैद्यांनी व औषधी दुकानदारांनी परसात एक वाफा राखावा. बोरिवलीवरून नाव मिळालेली क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम ही जाती त्यासाठी घ्यावी.

लागवड मुळांपासून करावी. पण चूक येथेच होते. मुसळीच्या बोटाला स्वतःचा डोळा नसतो, तो झुबक्याच्या माथ्यावरील चकतीत असतो. म्हणून प्रत्येक बोटासोबत चकतीचा तुकडा ठेवूनच कापावे. नुसते बोट कितीही पुष्ट असले तरी मातीत कुजते. आमचा पहिला वाफा असाच वाया गेला.

मूल परिसरातील धानाच्या जमिनीत पाणी साचते, तेव्हा उंच गादीवाफ्यावर पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावे. भाद्रपद-आश्विनात पाने पिवळी पडून गळतात. झाड मेले असे समजून उपटू नये. मुळे त्यानंतरच पक्व होतात. बियाण्याची बोटे न सोलता, कोरड्या वाळूत, सावलीत पुढील पावसाळ्यापर्यंत राखावीत.

रानातून मुसळी आणून देणाऱ्यांनाही एक-दोन बोटांसह माथा तेथेच परत पुरावयास अवश्य सांगावे.