खंती आणि निराशा

जीवाच्या हातून दोष घडतो, हे पंथीय साधकाला नव्याने सांगावयास नको. अविद्या अनादी आहे, आणि ती जोवर फिटली नाही तोवर वाणी, मन व शरीर या तिन्ही ठिकाणी प्रमाद संभवतो. परंतु दोष घडून गेल्यावर साधकाच्या अंत:करणात जे चालते, त्याचा विचार व्हावा तितका होत नाही. कोणत्या दोषास कोणते प्रायश्चित्त, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रायश्चित्त आचरून झाल्यावरही जे मन स्वत:ला सोडीत नाही, त्याने काय करावे, हे सांगणारे थोडे.

आपल्या हातून अनुचित घडले याचे जे दु:ख, ती खंती. ही खंती चांगलीच आहे. जिला खंती नाही ती बुद्धी दगडासारखी म्हणावी. पायात काटा रुतला की पाय ठणकतो, आणि ठणकतो म्हणूनच माणूस खाली बसून काटा शोधतो. खंतीचे प्रयोजन एवढेच. काटा निघाल्यावरही सुई घेऊन तीच जागा उकरीत बसणाऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाही. आणि काटा तसाच ठेवून नुसते कण्हत बसणारा तर त्याहूनही विपरीत. व्यवहारात हा दुसरा प्रकार अधिक आढळतो.

एक वासनिक आहे असे समजावे. भावाच्या शेताचा बांध त्याने दरसाल थोडाथोडा सरकवीत दोन हात पट्टी आपल्याकडे ओढली. पुढे भाऊ वारला. तेव्हापासून याचे मन खाऊ लागले. आश्रमात जाणे त्याने सोडले. ‘मी पापी, मी काय दंडवत घालणार’ असे म्हणू लागला. प्रसाद समोर आला तरी हात पुढे करीना. गावातील लोक म्हणतात, याला वैराग्य झाले. पण वैराग्य झालेल्या या गृहस्थाच्या नांगराखाली ती पट्टी अजून आहे. दर मृगाला तो ती पेरतो आणि सुगीला कापतो. भावजय व पुतण्या पलीकडच्याच शेतात राबत आहेत. त्याच्या अश्रूंचा एक थेंबही त्या दोघांच्या उपयोगी पडलेला नाही. स्वत:स दूषणे देण्याने आपण काही भरपाई करीत आहोत असा भास मनाला होतो आणि खरी भरपाई राहून जाते. निराशेचा हा कावा ओळखणे कठीण आहे, कारण ती अनुतापाचेच वस्त्र पांघरून येते.

तत्त्वदृष्टीने पाहिले तर ‘माझे आता काही होणे नाही’ हे म्हणणे पंथाच्या सिद्धांतालाच सोडून आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ. त्यांत देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि जीव तो बद्धमुक्त. म्हणजे आज बद्ध असला तरी मुक्त होण्यास योग्य. जो स्वत:ला कायमचा पतित ठरवितो, तो आपल्या जीवस्वरूपावर नित्यबद्धाचे लक्षण लादतो. त्याला ती नम्रता वाटते, पण ते अन्यथाज्ञान होय. शिवाय जीवाचा उद्धार करणे हा परमेश्वराचा अधिकार आहे. कोणाचा उद्धार व्हावयाचा आणि कोणाचा नाही, हा निवाडा बद्ध जीवाने स्वत:विषयी का होईना, परस्पर करून टाकावा, यात अहंकाराचा अंश नाही असे कसे म्हणता येईल? ‘मी फार मोठा पुण्यवान’ आणि ‘माझ्याएवढा पापी दुसरा नाही’ या दोन्ही वाक्यांत ‘मी’ सारखाच पुष्ट आहे.

श्रीमद्भगवद्गीतेचा आरंभच या प्रश्नाजवळचा आहे. अर्जुनाला घडणाऱ्या पापाची भीती वाटली. कुलक्षय, नरक यांची नावे घेत त्याने धनुष्य टाकले. भिक्षा मागून जगणे बरे, येथवर तो आला. ऐकणाऱ्यास हे वैराग्यच वाटावे. परंतु श्रीकृष्ण महाराजांनी त्याला वैराग्य म्हटले नाही. पुढे नवव्या अध्यायातील ३० व्या श्लोकात अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे असे निरूपण आहे. तेथे दिलेले कारण लक्षपूर्वक पाहावे. तो पुष्कळ रडला म्हणून साधू, असे तेथे सांगितलेले नाही. त्याचा निश्चय योग्य दिशेला लागला, हे कारण सांगितले आहे. अठराव्या अध्यायाच्या शेवटीही पापांतून सोडविण्याचे काम श्रीकृष्ण महाराज स्वत:कडे घेतात, आणि अर्जुनाकडे शरण येणे तेवढे ठेवून त्याला शोक करण्याचे वर्जितात.

याचा अर्थ नाम घेतले की हिशेब मिटला, असा कोणी करील तर तो नामाचा उपमर्द होईल. त्या वासनिकाने प्रथम आपल्या गुरूंपाशी दोष आडपडदा न ठेवता सांगावा. मग मोजणी करून बांध मूळ जागी न्यावा आणि इतक्या वर्षांच्या पिकाचे जे होईल ते पुतण्याच्या पदरात घालावे. भावजय उंबऱ्यावर उभे करील किंवा करणार नाही. क्षमा करणे न करणे हा तिचा प्रश्न, त्यासाठी तिला गळ घालू नये. एवढे झाल्यावर त्याने आश्रमाची वाट धरावी. गुरूंनी सांगितले त्याहून कठोर प्रायश्चित्त ‘मनाच्या समाधानासाठी’ आपल्या बुद्धीने वाढवून घेऊ नये. ते समाधानही एक विषयच आहे.

यापेक्षा अवघड प्रसंग वेगळा. एका भिक्षुकाने आजारी साथीदाराला सेवेच्या कंटाळ्याने कठोर शब्द बोलला, आणि त्याच रात्री त्या साथीदाराचे देहावसान झाले. आता परत काय करणार? सरकविण्यास बांध नाही, ऐकण्यास माणूस नाही. अशा ठिकाणी ‘विसरून जा’ हा उपदेश निष्फळ आहे; विसरता येत असते तर तो विचारावयास आलाच नसता.

येथे लीळाचरित्राची जन्मकथा ध्यानी घ्यावी. इ.स. १२७४ च्या सुमारास श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भटोबासांचे दु:ख विरहाचे होते, दोषाचे नव्हते, हा भेद खरा. तरी जे हातून गेले ते परत आणता येत नाही, हे दोहोंत समान आहे. भटोबास त्या दु:खात स्वत:कडे पाहत बसले नाहीत. ते स्वामींच्या लीळांचे मनन करीत. म्हाइंभटांनी ते जाणले आणि त्या लीळा लिहून घेण्याचे मनावर घेतले. मग गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकिले ते त्याच्याच तोंडून मिळविले. हेच म्हाइंभट पूर्वी विद्येच्या अभिमानाने स्वामींशी वाद करावयास आले होते. त्या अभिमानाची खंती करीत ते सराळ्यातच बसते, तर मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ पंथाच्या हाती न येता.

त्या भिक्षुकाच्या आठवणीत आज एकच रात्र आहे, आणि त्या रात्रीत तो स्वत:च मध्यभागी उभा आहे. त्याने आठवण टाकू नये, वाढवावी. तो साथीदार कोणत्या स्थानाला नमस्कार करताना किती वेळ थांबे, भिक्षेतील कोणता घास दुसऱ्यास काढून ठेवी, कोणते सूत्र त्याला विशेष आवडे, हे नव्या साधकांस सांगावे. आणि आश्रमात दुसरा कोणी आजारी पडला की त्याच्या उशाशी रात्री जागण्याची पाळी आपणहून मागून घ्यावी. कंटाळा तेव्हाही येईल. आला तर बाहेर ओट्यावर जाऊन घटकाभर नामस्मरण करावे आणि परत आत यावे.