कवच पातळ, उपाय शिंपल्यांचा

प्रश्न : आमच्या गावठी कोंबड्यांची अंडी हातात घेतली तरी फुटतात. खुराकात शिंपल्यांचा चुरा मिसळू का?

उत्तर : चुरा जरूर द्या, पण मिसळू नका. वेगळ्या भांड्यात ठेवा. गरजेपुरता त्या स्वतःच टिपतात. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते बहुतांशी रात्री चढतं. म्हणून संध्याकाळी, खुराड्यात शिरण्याआधी चुरा समोर हवा. पीठ करू नका. तुरीच्या डाळीएवढे तुकडे पेषणीत रेंगाळतात, रात्रभर थोडंथोडं कॅल्शियम सोडतात. कोकणात तिसऱ्यांची शिंपलं फुकटात मिळतात. मीठ जाईपर्यंत धुवा, वाळवा, कुटा. भट्टीतला कळीचा चुना मात्र चुकूनही नको, तोंड भाजेल. पिल्लांना वेगळं ठेवा, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. तरीही कवच सुधारलं नाही, तर पशुवैद्यकांना दाखवा.