चप्पल सुटली, तरी कळेना!

या आठवड्यात थोडी प्रवासाची हकिगत सांगणार आहे. हे प्रवासवर्णनाचे सदर झाले की काय, अशी शंका वाचकांनी घेऊ नये. गोष्ट पायांची आहे, आणि तीत माझीही चूक आहे, म्हणूनच ती लिहावीशी वाटली.

माझा एक शाळासोबती आहे. वर्गात त्याचे नाव 'धडपड्या' पडले होते. शाईची दौत लवंडणे, डब्यातली आमटी दप्तरात सांडणे, कवायतीला सगळे उजवीकडे वळले की याने डावीकडे वळून शेजाऱ्याच्या नाकावर आदळणे, हे रोजचेच. पुढे तो बँकेत लागला, लग्न झाले, नातवंडे झाली, पण नाव काही सुटले नाही. काचेचा पेला त्याच्या हातात द्यायचा नाही, असा वहिनींचा घरात नियमच आहे.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघेच देवगिरी आणि वेरूळ पाहायला निघालो. दोघेही साठी ओलांडलेले. देवगिरीच्या पायथ्याशी एस.टी.तून उतरलो आणि चार पावले गेलो नाही तोच कंडक्टरने हाक मारली, "ओ काका, चप्पल राहिली की!" पाहतो तो काय, याची डाव्या पायातली चप्पल गाडीच्या पायरीवरच, आणि हा एका पायाने अनवाणी रस्त्यावर चालतो आहे. मी पोट धरून हसलो. तोही हसला.

किल्ल्यावरची अंधारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. वळणावळणांचा काळोखा बोगदा, उंचसखल पायऱ्या, वर वटवाघळे. शत्रू आत आला तर त्याला दिशा कळू नये म्हणून मुद्दामच केलेली ती रचना आहे. मी पुढे होतो. मागे धप्पकन आवाज आला. मोबाईलचा उजेड टाकला, तर स्वारी पायरीवर बसलेली, गुडघा खरचटलेला. "लेका, जमीनच सापडेना मला!" तो म्हणाला. मला तो विनोद वाटला. एका आजाराचे लक्षण इतक्या नेमक्या शब्दांत मला क्वचितच कुणी सांगितले असेल, आणि मी ते हसण्यावारी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवर तोंडाला साबण लावून त्याने डोळे मिटले आणि तो एका बाजूला झुकला. बेसिन धरले म्हणून सावरला. मी पुन्हा हसलो.

लेणी पाहून दुपारी बाराच्या सुमाराला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेलो. चपला बाहेर काढल्या. एप्रिलचे ऊन आणि दगडी फरशी! मी तापल्या कढईतल्या लाहीसारखा उड्या मारत सावली गाठली. हा मात्र संथपणे, हात जोडून, पूर्ण प्रदक्षिणा घालून आला. वर मलाच म्हणाला, "तुझी भक्ती कमी, डॉक्टर, म्हणून चटके बसतात."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर पाय धुताना त्याने तळवा वर केला. अंगठ्याखाली आणि चवड्यावर रुपयाएवढे दोन फोड. एक फुटलेला, त्यात माती गेलेली. त्याने कुतूहलाने पाहिले आणि विचारले, "हे कधी झालं रे?"

तेव्हा माझे हसू थांबले. सुटलेली चप्पल, अंधारात न सापडणारी जमीन, डोळे मिटताच जाणारा तोल आणि आता न दुखणारा फोड. चारही गोष्टी एकच सांगत होत्या, आणि पहिली मी आदल्या दिवशी सकाळी पाहिली होती. तेव्हाच त्याचे पाय तपासले असते, तर त्या फरशीवर मी त्याला अनवाणी चालू दिले नसते.

माणूस दोन पायांवर उभा राहतो तो तीन साक्षीदारांच्या जोरावर. एक डोळे, दुसरा कानाच्या आतील भागातले तोल सांभाळणारे इंद्रिय, आणि तिसरा साक्षीदार म्हणजे आपले पाय. तळव्याची कातडी, घोटे, सांधे आणि स्नायू यांतून मेंदूला सतत निरोप जात असतात : पाऊल टेकले, जमीन उतरती आहे, खडा आहे, बोटे वाकली आहेत. त्यामुळेच डोळे मिटूनही आपण सरळ उभे राहू शकतो. पायांच्या मज्जातंतूंना इजा झाली की हे निरोप कमी होतात. मग सगळा भार डोळ्यांवर येतो. दिवसा, ओळखीच्या जागी डोळे निभावून नेतात. काळोखात किंवा डोळ्यांत साबण गेला की आधार उरतो एकट्या कानाचा, आणि माणूस कोसळतो.

घरी हे महिनोन् महिने कळत नाही, याचे कारणही यातच आहे. घराच्या पायऱ्या आपल्याला पाठ असतात. उंबरठा कुठे आहे, मोरीचा उतार केवढा, हे पाहावे लागत नाही. परगावी सगळेच नवे. म्हणून "प्रवासात फार धडपडतात हो" असे कुणाबद्दल म्हटले गेले, तर मी आता कान टवकारतो.

त्याच रात्री त्याला पलंगावर आडवे केले, डोळे मिटायला सांगितले, आणि एक साधी परीक्षा घेतली. इंग्लंडमधील इप्सविच येथील डॉक्टरांनी ती प्रचारात आणली. २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिला कोणतेही उपकरण लागत नाही, तेव्हा वाचकांनी घरात जरूर करून पाहावी. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला, म्हणजे एकूण सहा ठिकाणी, आपल्या बोटाने अगदी हलका स्पर्श करायचा. फक्त एक-दोन सेकंद. दाबायचे नाही, टोचायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. समोरच्याने डोळे मिटून, स्पर्श कळला की "उजवा" किंवा "डावा" म्हणायचे. एखाद्या ठिकाणी कळले नाही, तर तिथे पुन्हा स्पर्श करून खात्री करत बसायचे नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पायांची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. माझ्या मित्राला सहापैकी एकच स्पर्श कळला. मी तपासणे कधीच थांबवले होते, तरी तो डोळे मिटून वाट पाहत होता. "सुरू कर ना," तो म्हणाला.

त्याला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. गोळी नियमित घेत होता. "शुगर कंट्रोलमध्ये आहे" हे त्याचे म्हणणे उपाशीपोटीच्या एका तपासणीवर आधारलेले होते, आणि तिच्या आदल्या दिवशी हा गृहस्थ गोड बंद ठेवीत असे! परत आल्यावर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी केली, ती ९.४ निघाली. बऱ्याच मधुमेह्यांसाठी ती ७ च्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न असतो. वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर हा आकडा ठरवतात. बी-१२ जीवनसत्त्वही बरेच कमी निघाले. तो शुद्ध शाकाहारी, शिवाय मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते. म्हणून गोळी सोडायची नाही. ती चांगली गोळी आहे. अधूनमधून बी-१२ तपासून घ्यायचे, एवढेच. मज्जातंतूंना इजा होण्याची इतरही कारणे आहेत. दारू, कुष्ठरोग, थायरॉईडचे विकार, काही औषधे. परंतु आपल्या भागात बधिर पायांचा रुग्ण आला, की मी पहिल्यांदा साखर आणि बी-१२ पाहतो.

फोडांची हकिगत राहिली. लॉजचे मालक भले गृहस्थ. त्यांनी लगेच गरम पाण्याची बादली आणि मीठ आणून दिले. "पाय बुडवून बसा, आराम पडेल." ही बादली मी जवळजवळ हिसकावूनच घेतली. ज्याला तापलेली फरशी कळली नाही, त्याला बादलीतले पाणी किती गरम आहे हे कसे कळणार? बधिर पाय गरम पाण्यात बुडवून भाजून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. शेकण्याच्या पिशवीचेही तेच. भाजल्यावर करायचे ते इतकेच : लगेच नळाच्या साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरायचे. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद-तेल नको. फोड फोडायचा नाही. आमच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती. तेव्हा स्वच्छ पाण्याने जखम धुतली, स्वच्छ पट्टी बांधली, दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि गाडी परत फिरवली. अजिंठा राहून गेला.

ती जखम भरायला दहा आठवडे लागले. दुखत नसल्यामुळे तो सारखा त्या पायावर चालत होता, आणि अशी जखम चालण्यानेच चिघळते. वेदना ही मोठी कडक पहारेकरीण असते. ती नसली की वहिनींना ते काम करावे लागते. सुदैवाने बोट वाचले. सगळ्यांचे वाचत नाही.

आता एक प्रश्न वाचक विचारतील, आणि तो मी स्वतःलाही विचारला. तो तर लहानपणापासूनच वेंधळा, मग वेगळे काय झाले? शंभर मुलांत पाच-सहा मुले अशी असतात की ज्यांना बुद्धी उत्तम असूनही हालचालींचा मेळ नीट बसत नाही. त्यांना मारून वा चिडवून काही उपयोग होत नाही. मोठेपणीही तो दोष थोडाफार राहतो. माझा मित्र त्यांपैकीच असावा. पण आठवून पाहा, शाळेत सांडलवंड व्हायची ती हातांनी. पायांचा तो पक्का होता. लंगडीत आम्हांला हार जायचा नाही. पायांची धडपड गेल्या दोन-तीन वर्षांतली, हे वहिनींनी विचारल्याबरोबर सांगितले. जुन्या नावाखाली नवा आजार झाकला गेला होता. तेव्हा घरातले कुणी अडखळू लागले, तर "पूर्वीपासून की हल्ली?" हे आधी विचारावे.

हल्लीचे असेल, तर दरवेळी मधुमेहच असतो असे नाही. दोन भिंगांचा चष्मा लावून जिना उतरताना पायरी धूसर दिसते. गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने झापड येते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना एकदम उठल्यावर अंधारी येते. हे डॉक्टरांना सांगितले की मार्ग निघतो. मात्र एकाएकी एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून, घड्याळ पाहून, तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

मित्राच्या पायांची गेलेली संवेदना बरीचशी परत येणार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले आहे. बी-१२ च्या इंजेक्शनांनी थोडा फरक पडला. साखर आटोक्यात राहिली तर पुढची हानी मंदावेल. घरातही तो आता मागे पट्टा असलेले सँडल घालतो. घालण्यापूर्वी ते उपडे करून झटकतो, आतला खडा त्याला पायाने कळणार नाही म्हणून. देवळात सकाळी लवकर, फरशी तापण्याआधी जातो, आणि जाड सुती मोजे घालतो. मोजे चालतात का, हे आधी विचारून घेतो. रात्री उठताना दिवा लावतो. निजण्यापूर्वी वहिनी त्याचे दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहतात. त्या गावाला गेल्या तर तो आरसा जमिनीवर ठेवून स्वतः पाहतो.

काचेचा पेला मात्र वहिनी अजूनही त्याच्या हातात देत नाहीत.