आखडलेला खांदा

वाचण्याचा शास्त्रभाग : लूक ६:६-११, यशया ३८:१-५ व २१.



आमच्या मंडळीतील एका पन्नाशीच्या भगिनीचा उजवा खांदा धरला. आम्ही तिला सांगितले की, हात गळ्यात बांधून ठेवा, त्यास विसावा द्या व प्रार्थना करा. तीन महिन्यांनी पाहतो तो तिला आपली वेणी घालता येईना व चोळीही दुसरीकडून घालून घ्यावी लागे. शेजारी म्हणत की, ही करणी आहे. मंडळीतले काहीजण म्हणत की, हिचा विश्वास उणा आहे. शेवटी एका मालिशवाल्याने तो हात झटका देऊन वर ओढला, आणि ती रात्र तिने रडून काढली. "पाळकसाहेब, देवाने माझा हात काढून घेतला काय?" असे तिने विचारले, तेव्हा आमच्याने उत्तर देववेना. पुढे रुग्णालयात कळले की, मालिशवाला चुकला होता, आणि आम्हीही चुकलो होतो. ही चूक इतर गावी होऊ नये म्हणून हा पाठ लिहीत आहो.

१. हा विकार काय आहे?

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ वेष्टन असते. ह्या विकारात ते सुजते, जाड होते व आकसते. बॉस्टन येथील डॉक्टर कॉडमन ह्यांनी १९३४ साली ह्यास "फ्रोझन शोल्डर", म्हणजे गोठलेला खांदा, असे नाव दिले. हा विकार बहुधा चाळीस ते साठ ह्या वयात होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक, आणि मधुमेह असणाऱ्यांस विशेष. म्हणून ज्याचा खांदा धरला त्याने रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी.

ओळखण्याची खूण अशी : कोपर कुशीला लावून हात बाहेरच्या बाजूस वळवू गेल्यास वळत नाही, दुसऱ्याने वळविला तरी वळत नाही. तथापि निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

२. त्याच्या तीन अवस्था

पहिलीत वेदना फार, विशेषेकरून रात्री. दुसरीत वेदना उतरते, पण सांधा ताठर राहतो. तिसरीत तो हळूहळू मोकळा होतो. ह्या सर्वांस एक ते तीन वर्षे लागतात, आणि कित्येकांचा थोडा ताठरपणा मागे राहतो. पहिल्या अवस्थेत डॉक्टर सांध्यात जे इंजेक्शन देतात त्याने वेदना कमी होऊ शकते. परंतु मधुमेह्याची साखर त्याने काही दिवस वाढते, हे ध्यानात ठेवावे.

३. हात कसा हलवावा?

आपल्या वडिलांच्या काळी मोटेचे कातडे वाळून कडक झाले, तर शहाणा शेतकरी ते एकदम वाकवीत नसे, कारण ते चिरले असते. आणि तसेच टाकूनही देत नसे. तो ते भिजवी, तेल लावी व थोडे थोडे वाकवी. खांद्याचेही तसेच आहे. नेदरलंड्स देशात ७७ रुग्णांची दोन वर्षे पाहणी झाली. तिचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. वेदनेच्या मर्यादेत सौम्य हालचाल करणाऱ्यांपैकी ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला. जोराने ताणून घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांचाच झाला.

आधी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटे शेक द्यावा. मधुमेह्याने शेकाची उष्णता दुसऱ्याकडून पाहून घ्यावी. मग दिवसातून दोनतीन वेळा पुढील हालचाली कराव्या :

(अ) झोका : चांगला हात बाकावर टेकून पुढे वाकावे, दुखरा हात सैल लोंबू द्यावा, आणि मागेपुढे, बाजूंस व लहान वर्तुळात दहा दहा वेळा हलवावा.

(आ) भिंत : भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीप्रमाणे वर चढवावी. जेथवर पोहोचली तेथे कोळशाने खूण करावी.

(इ) काठी : उताणे निजून, कोपरे कुशीस ठेवून, दोन्ही हातांत आडवी काठी धरावी व चांगल्या हाताने दुखरा हात हळूच बाहेर सारावा.

(ई) पंचा : वेदना उतरल्यावरच पाठीमागे पंचा धरून वरच्या हाताने दुखरा हात हळूहळू वर ओढावा.

नियम एकच : ताण जाणवावा, पण दुखणे लवकर शमावे. ते रात्रभर राहिले तर अधिक झाले असे समजून दुसऱ्या दिवशी कमी करावे. पडल्यामुळे दुखत असेल, ताप किंवा सूज असेल, तर आधी डॉक्टरांस दाखवावे. हात दुखत असता छाती भरून आली, घाम सुटला वा धाप लागली, तर तत्काळ रुग्णालयात जावे.

४. शास्त्रातून बोध

सभास्थानातील त्या मनुष्याचा हात उजवा होता, हे एकटा वैद्य लूकच सांगतो. कामाचा हात गेला म्हणजे काय जाते हे त्यास ठाऊक होते. तेथील शास्त्री प्रभूवर नजर ठेवून होते ते दोष काढावयास. प्रभूने मात्र त्या मनुष्याकडे पाहिले. करणी किंवा अविश्वास असे म्हणून आपण दुखणाऱ्यास दोष देतो, तेव्हा आपण कोणाच्या ओळीत बसतो?

प्रभूने तो हात एका क्षणात बरा केला. आज तो पुष्कळांस महिन्यामहिन्यांनी बरे करितो. त्यातही त्याचाच हात आहे. हिज्कीयाने प्रार्थना केली आणि त्याच्या गळवावर अंजिराचा लेपही लावण्यात आला. एकाने दुसऱ्यास अडविले नाही.

त्या भगिनीने वर्षभर भिंतीवर खुणा केल्या. तिच्या शेजारणी पाणी भरून देत, म्हणून तिला त्यासाठी वेळ मिळाला. आता ती आपली वेणी आपण घालते. सर्वांत वरची खूण तिने अजून पुसू दिली नाही.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न

१. आखडलेला हात बांधून ठेवल्याने व झटक्याने ओढल्याने काय हानी होते?
२. हालचाल अधिक झाली हे कशावरून ओळखावे?
३. आपल्या गावात कोणाचा हात वर जात नाही? त्याचे कोणते काम आपण ह्या आठवड्यात करून देऊ?