पडद्यामागचा माणूस



दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम संपला की पडद्यावर खालून वर नावे सरकू लागतात. ती नावे सहसा कोणी वाचत नाही. तोवर आपण दुसरी वाहिनी लावलेली असते. त्या नावांत एक शब्द मात्र नेहमी असतो. तो शब्द म्हणजे 'निर्माता'.

निर्माता गात नाही, नाचत नाही, अभिनयही करत नाही. तरी त्याच्यावाचून कार्यक्रम उभा राहत नाही. कल्पना निवडणे, पैसा उभा करणे, माणसे जमवणे आणि काही बिघडले तर पुढे येऊन उत्तर देणे ही त्याची कामे आहेत. आज आपण अशाच एका निर्मात्याची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव जॉन डी मोल. तुमच्या घरी 'बिग बॉस' पाहिले जात असेल, तर त्यांची कल्पना तुमच्या घरात केव्हाच येऊन पोहोचली आहे!

जॉन डी मोल यांचा जन्म २४ एप्रिल १९५५ रोजी नेदरलँड्समधील द हेग या शहरात झाला. नेदरलँड्स हा युरोपातील एक लहान देश आहे. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा भरेल. जॉन यांचे वडील गायक होते. त्यामुळे घरात गाणे-बजावणे होते. पण जॉन यांचे मन रमले ते यंत्रांत आणि पडद्यामागच्या कामात.

त्या काळी नेदरलँड्समध्ये खाजगी रेडिओ केंद्राला परवानगी नव्हती. म्हणून काही लोकांनी एक युक्ती काढली. त्यांनी किनाऱ्यापासून दूर समुद्रात जहाज उभे केले आणि त्यावरून गाणी ऐकवायला सुरुवात केली. अशाच एका केंद्रासाठी, 'रेडिओ नूर्डझे'साठी, तरुण जॉन तंत्रज्ञ म्हणून काम करू लागले. १९७४ मध्ये कायदा कडक झाला आणि ही केंद्रे बंद पडली. जॉन दूरचित्रवाणीच्या कामाकडे वळले. १९७९ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःची निर्मिती संस्था काढली.

सुरुवातीची दहा वर्षे सोपी नव्हती. १९८९ मध्ये त्या देशात पहिली खाजगी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली. नव्या वाहिन्यांना रोज नवे कार्यक्रम हवे होते. जॉन यांची तयारी झालेली होती. १९९४ मध्ये त्यांनी यूप व्हान डेन एन्डे या दुसऱ्या मोठ्या निर्मात्याबरोबर भागीदारी केली. दोघांच्या आडनावांतून नव्या कंपनीचे नाव तयार झाले. 'एन्डे' आणि 'मोल' मिळून 'एंडेमॉल'!

आता एक प्रश्न विचारतो. शिंपी कपडे विकतो, सुतार खुर्ची विकतो. मग ही कंपनी काय विकत होती? ती कल्पना विकत होती. कार्यक्रमाच्या अशा कल्पनेला त्या धंद्यात 'फॉरमॅट' म्हणतात. मराठीत आपण त्याला साचा म्हणू. कार्यक्रमाचे नियम कोणते, मंच कसा असावा, प्रकाश कसा पडावा, संगीत केव्हा वाजावे, पूर्वी कोणत्या चुका झाल्या, हे सारे एका जाड पुस्तिकेत लिहिलेले असते. दुसऱ्या देशातील वाहिनी पैसे देऊन हा साचा वापरण्याचा हक्क घेते. 'हक्क' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूतला 'हक़' तोच हा. साचा एकाचा असतो. माणसे, भाषा आणि पेहराव मात्र त्या त्या देशाचे असतात.

जॉन डी मोल यांचा सर्वांत गाजलेला साचा १९९७ मध्ये जन्माला आला. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात शास्त्रज्ञांनी काचेची एक प्रचंड वास्तू बांधली होती. तिचे नाव 'बायोस्फिअर २'. १९९१ मध्ये आठ माणसे तिच्यात दोन वर्षांसाठी बंद राहिली. बाहेरच्या जगाशी संबंध तोडून जगता येते का, हे त्यांना पाहायचे होते. या प्रयोगावरून जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कल्पना सुचली. अनोळखी माणसांना एका घरात बंद करायचे, घरभर कॅमेरे लावायचे आणि काय घडते ते लोकांना दाखवायचे.

कल्पना सुचली, पण ती पडद्यावर यायला दोन वर्षे लागली. १६ सप्टेंबर १९९९ रोजी 'बिग ब्रदर' हा कार्यक्रम नेदरलँड्समध्ये सुरू झाला. घर होते आल्मेरे या गावी. कार्यक्रमाचे नाव जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाच्या '१९८४' या कादंबरीवरून घेतले होते. त्या कादंबरीत 'बिग ब्रदर' ही प्रत्येकावर नजर ठेवणारी सत्ता आहे. लेखकाने जी गोष्ट धोका म्हणून सांगितली, तीच इथे करमणूक झाली! अनेकांनी या कार्यक्रमावर टीका केली. माणसांना असे कोंडून ठेवणे त्यांच्या मनाला घातक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण लोकांनी तो अतिशय उत्सुकतेने पाहिला.

पुढच्याच वर्षी जर्मनी, स्पेन, इंग्लंड आणि अमेरिका या देशांनी हा साचा घेतला. आजवर पन्नासहून अधिक देशांत त्याची रूपे निघाली आहेत. २००० साली स्पेनच्या टेलिफोनिका या कंपनीने एंडेमॉल सुमारे ५५० कोटी युरोंना विकत घेतली. भारतात हा साचा २००६ मध्ये 'बिग बॉस' या नावाने हिंदीत आला. २०१८ मध्ये तो मराठीतही आला. तेव्हा सूत्रसंचालक होते महेश मांजरेकर.

जॉन यांना अपयशही आले. २००४ मध्ये त्यांनी एंडेमॉलमधील पद सोडले आणि २००५ मध्ये स्वतःची वाहिनी काढली. ती दोन वर्षांत बंद पडली. पण ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी 'द व्हॉईस ऑफ हॉलंड' हा गाण्याचा कार्यक्रम आणला. त्यात परीक्षक गायकाकडे पाठ करून बसतात. रूप, रंग, कपडे काहीच दिसत नाही. फक्त आवाज ऐकू येतो. आवाज आवडला, तरच खुर्ची फिरते. किती साधी कल्पना! तीही देशोदेशी गेली आणि २०१५ मध्ये भारतात आली. त्याच वर्षी इंग्लंडच्या आयटीव्ही या कंपनीने जॉन यांची नवी कंपनी विकत घेतली. तिने सुरुवातीलाच ५० कोटी युरो मोजले.

इथवर ही यशाची गोष्ट झाली. पण मित्रांनो, इथे थोडे थांबून विचार करू या. सुतार लाकडापासून खुर्ची करतो. असे कार्यक्रम कशापासून होतात? ते जिवंत माणसांपासून होतात. त्यांचे हसणे, रडणे आणि भांडणे हाच तिथला कच्चा माल असतो. लाकडाला रंध्याने दुखत नाही. माणसाला मात्र दुखते.

जानेवारी २००७ मधील घटना पाहा. इंग्लंडमधील 'बिग ब्रदर'च्या घरात शिल्पा शेट्टी ही भारतीय अभिनेत्री राहत होती. घरातील काही जणींनी तिच्या बोलण्याची आणि स्वयंपाकाची टिंगल केली. तिच्या भारतीय असण्यावरून तिला टोचून बोलले गेले. हे सारे प्रक्षेपित झाले. तेव्हा तेथील नियामक संस्थेकडे प्रेक्षकांच्या ४० हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. शेवटी शिल्पाच विजयी झाली. वाहिनीने नियम मोडल्याचा निर्णय मे महिन्यात त्या संस्थेने दिला. म्हणजे प्रेक्षक गप्प बसला नाही, तर त्याचे ऐकावे लागते.

पुढे जॉन डी मोल यांच्यावरही उत्तर देण्याची वेळ आली. जानेवारी २०२२ मध्ये 'द व्हॉईस ऑफ हॉलंड'मध्ये भाग घेणाऱ्या आणि काम करणाऱ्या काही स्त्रियांनी गैरवर्तनाच्या तक्रारी मांडल्या. वाहिनीने कार्यक्रम थांबवला. स्त्रियांनी वेळीच बोलायला हवे होते, अशा अर्थाचे जॉन एका मुलाखतीत बोलले. त्यांच्याच कंपनीतील स्त्रियांनी वर्तमानपत्रात जाहीर मजकूर देऊन त्यांना सांगितले की, दोष स्त्रियांचा नाही. त्यानंतर जॉन यांनी आपल्या बोलण्याबद्दल खेद व्यक्त केला. ज्याच्या हाताखाली शेकडो माणसे काम करतात, त्याने आधी विचारपूस करायची असते. तक्रार करणाऱ्याने हिंमत करून येण्याची वाट पाहायची नसते.

उर्दूत ज्याला 'ज़िम्मेदारी' म्हणतात, त्याला मराठीत 'जबाबदारी' म्हणतात. या शब्दात तुमच्या ओळखीचा 'जवाब' दडलेला आहे. ज्याला जवाब द्यावा लागतो, तो जबाबदार. कार्यक्रमाच्या शेवटी निर्मात्याचे नाव येते ते याचसाठी.

आता थोडे गणित करू. एका दिवसाची मिनिटे १४४०. कार्यक्रमाचा भाग साधारण ६० मिनिटांचा. म्हणजे १३८० मिनिटे आपल्याला दिसतच नाहीत. ही मिनिटे कोण गाळतो? संपादक गाळतो. त्याने एखाद्याचे भांडण ठेवले आणि नंतरची माफी गाळली, तर तो माणूस आपल्याला वाईटच वाटणार. जे दिसले ते कदाचित खरे असेल. पण ते पुरे नसते. म्हणून पडद्यावर पाहिलेल्या माणसाला शिव्या देण्याआधी ही १३८० मिनिटे आठवा.

तुमच्यापैकी कोणी उद्या या क्षेत्रात जाईल. कोणी कॅमेरा धरील, कोणी ध्वनी सांभाळील, कोणी लेखन करील. मोठा पगार, मोठे नाव मिळेलही. समुद्रातल्या जहाजाच्या रेडिओवर काम करणारा मुलगा जगभर पोहोचला, मग तुम्ही का नाही पोहोचणार? मात्र ज्याच्यावर कॅमेरा रोखाल, त्यालाही घर आहे, आई-वडील आहेत, अब्रू आहे, एवढे ध्यानात ठेवा. आणि पुढच्या वेळी कार्यक्रम संपला, की लगेच वाहिनी बदलू नका. सरकणारी नावे वाचा.

शब्दार्थ
वाहिनी – चॅनेल
प्रक्षेपित होणे – रेडिओ वा दूरचित्रवाणीवरून प्रसारित होणे
नियामक संस्था – नियम पाळले जातात की नाही ते पाहणारी संस्था
रंधा – लाकूड तासून गुळगुळीत करण्याचे हत्यार
खेद – दुःख, अफसोस
हातावर हात ठेवून बसणे – काहीही न करता स्वस्थ बसणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'एंडेमॉल' हे नाव कसे तयार झाले?
(आ) 'बिग ब्रदर' हे नाव कोणत्या कादंबरीवरून घेतले?
(इ) 'द व्हॉईस'मधील परीक्षक पाठ करून का बसतात?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कार्यक्रमाचा साचा कसा विकला जातो?
(आ) 'जे दिसते ते पुरे नसते' असे लेखक का म्हणतो?

प्र. ३. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द या पाठातून शोधा व प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : आपल्या वर्गाच्या एका दिवसातील फक्त दहा मिनिटे दाखवायची आहेत. तुम्ही कोणती निवडाल आणि कोणती गाळाल? गटात चर्चा करा.